अठरा पूर्ण झाले, आता जायचं कुठे?

मा. संपादक,

तुमच्या अंकात तरुणांच्या प्रश्नांवर बरंच छापून येतं. बेकारी, स्पर्धा परीक्षा, व्यसनं, मोबाइल. पण बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलांबद्दल मला त्यात काही वाचायला मिळालं नाही, म्हणून हे पत्र. मी मुलांच्या बालगृहात काळजीवाहक होते, आता निवृत्त आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. बालगृहातली मुलं गुन्हा करून आलेली नसतात. कुणाचे आईवडील गेलेले असतात, कुणाची आई चार घरची धुणीभांडी करते आणि पोराला सांभाळायला मागे कुणी नसतं, कुणी लहानपणी स्टेशनवर सापडलेलं असतं. बाल कल्याण समितीच्या आदेशाने ती येतात आणि तिथेच मोठी होतात. शाळा, जेवण, कपडे, दवाखाना सगळं सरकार बघतं. आणि अठरावं पूर्ण झालं की हजेरीपटावरून नाव कमी होतं.

एका मुलाचा जायचा दिवस सांगते. बारावीची परीक्षा नुकतीच झाली होती, निकाल लागायचा होता. पत्र्याची पेटी भरून झाली, कागदांची पिशवी घेतली, ऑफिसात सही झाली. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला, ‘‘मावशी, माझं ताट नेऊ का?’’ पाचवीत आल्यापासून तो त्याच ताटात जेवत होता. पण ताट डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे संस्थेच्या सामानाच्या नोंदवहीला चढलेलं, त्यावर नंबर कोरलेला. ते द्यायचा अधिकार ना मला होता, ना अधीक्षकांना. त्याने ताट घासलं, रॅकवर उभं केलं आणि गेला. पुढे तो एमआयडीसीत एका ठेकेदाराकडे लागला, तिथल्याच शेडमध्ये झोपायचा. पास झाला होता, पण कॉलेजचं नाव निघालं नाही.

अशा मुलांसाठी कायदा नाही असं नाही. २०१५च्या बाल न्याय कायद्यात कलम ४६ आहे. अठरा वर्षांनंतर संस्था सोडणाऱ्या मुलाला आर्थिक मदत देता येते. नियमांत एकविसाव्या वर्षापर्यंत, अपवाद म्हणून तेविसाव्यापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या सांभाळाची सोय सांगितली आहे. त्यात राहणं आलं, धंदेशिक्षण आलं, विद्यावेतन आलं. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत महिन्याला ४,००० रुपयांची तरतूद आहे. खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे दिले की त्यातून हातात काही उरत नाही हे मान्य. पण कॉलेज धरून ठेवायचं की हॉटेलात लागायचं, हे ठरण्याइतका फरक त्या पैशांनी पडतो. अडचण अशी की बऱ्याच मुलांना हे माहीतच नसतं. ज्यांना कळतं त्यांना अनुरक्षणगृहातली जागा दुसऱ्या जिल्ह्यात सांगितली जाते, आणि त्यांची शाळा-कॉलेज, मित्र, ओळखीचे सर सगळे इथे असतात. मग पोरगं म्हणतं, ‘‘नको मावशी, मी बघतो माझं.’’

घरच्या मुलाला आपण अठराव्या वर्षी ‘तुझं तू बघ’ म्हणतो का? पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलं घरी राहून एमपीएससीचा अभ्यास करतात, आई डबा देते, बाप खोलीचे पैसे पाठवतो. त्यात कुणाला वावगं वाटत नाही आणि वाटूही नये. दिवाळीत कॉलेजची होस्टेलं रिकामी होतात, तेव्हा ज्याला गावच नाही त्याने जायचं कुठे?

कागदपत्रांचा घोळ तर बाहेरच्या माणसाला कळणारही नाही. आमच्याकडच्या कितीतरी मुलांच्या आधारला पत्ता संस्थेचा आणि मोबाइल नंबर त्या वेळच्या साहेबांचा किंवा एखाद्या कर्मचाऱ्याचा. साहेबांची बदली होते, नंबर बदलतो. मुलगा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला नेट कॅफेत बसतो आणि ओटीपी जातो भलत्याच फोनवर. बँकेतलं खातं अज्ञान, म्हणजे अल्पवयीन म्हणून काढलेलं, पालक म्हणून सही अधीक्षकांची. अठरा झाल्यावर ते स्वतःच्या नावावर करायला पुन्हा पत्त्याचा पुरावा लागतो, आणि संस्थेचा पत्ता तर सुटलेला असतो.

२०१८ साली राज्याने अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत १ टक्का समांतर आरक्षण दिलं. चांगलंच केलं. पण ते अनाथ प्रमाणपत्रावर मिळतं. आमच्याकडे बऱ्याच मुलांची आई हयात होती. ती कुठे असते, काय करते, वर्षानुवर्षं पत्ता नाही, पण कागदावर आई आहे म्हणून मुलगा अनाथ ठरत नाही. प्रत्यक्षात त्याच्या मागे कुणी नाही आणि सवलतही नाही. मुलींचं आणखी वेगळं. ‘चांगलं स्थळ आलं’ म्हणून पुनर्वसन झाल्याची नोंद होते, तिच्या शिक्षणाचं कुणी विचारत नाही. माझी नोकरी मुलांच्या बालगृहात गेली, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की तयारी सोळाव्या वर्षी सुरू व्हावी. जन्मतारखा रजिस्टरमध्ये असतात, कोण कधी अठराचा होणार हे कार्यालयाला दोन वर्षं आधी माहीत असतं. प्रत्येक मुलाची वैयक्तिक काळजी योजना फायलीत असते, तिच्यात बाहेर पडल्यानंतरचाही विचार करायचा असतो. तो भाग अर्धा कोरा ठेवू नये. मुलगा आत असतानाच त्याच्या आधारला त्याचा स्वतःचा नंबर लागावा, खातं, जातीचा दाखला, अधिवासाचा दाखला, असेल तर अनाथ प्रमाणपत्र हे सगळं हातात पडावं. अनुरक्षणाच्या पैशांचा प्रस्ताव नाव कमी होण्याआधी मंजूर व्हावा, नंतर नव्हे. नंतर मुलगा सापडत नाही. मुलांच्या प्रकरणांचा पाठपुरावा करणाऱ्या परिविक्षा अधिकाऱ्यांवर कामाचा बोजा किती असतो ते मी पाहिलंय, म्हणून त्यांना दोष देत नाही. जिल्हा बाल संरक्षण कक्षात या कामाला एक माणूस वेगळा द्या. बाहेर पडलेल्या मुलाला तीन वर्षं दर महिन्याला एक फोन करणं हेच त्याचं काम असू द्या.

आणि शहरातल्या घरमालकांना विनंती. खोली बघायला आलेल्या पोराला ‘गाव कुठलं, घरी कोण असतं’ असं तुम्ही विचारता आणि उत्तर आलं नाही की दार लावता. कॉलेजचं ओळखपत्र बघा, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती रीतसर द्या, डिपॉझिट दोन-तीन हप्त्यांत घ्या. ओळखीचा माणूस कोण म्हणून विचाराल, तर आमच्यासारखे निवृत्त कर्मचारी सही करायला येतील. मी येईन.

– एक निवृत्त काळजीवाहक, सातारा