एजंट नक्की कोणाचा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या वर्षी आम्ही डोंबिवलीतला आईचा जुना वन बीएचके विकला. बाबा गेल्यावर आई माझ्याकडेच राहायला आली, फ्लॅट नुसता बंद पडून होता म्हणून ओळखीतल्या एका एजंटकडे चावी दिली. ब्रोकरेज 2 टक्के ठरलं, तेही तोंडीच, आणि तो घेणाऱ्याकडूनही 2 टक्के घेणार हे आम्हाला माहीत होतं, आपल्याकडे सगळे तसंच करतात त्यामुळे त्यात काही वावगं वाटलं नाही. शेवटी 62 लाखाला सौदा झाला.

रजिस्ट्रेशनच्या दिवशी नंबर यायला दोन तास लागले, त्यात घेणाऱ्या ताईंशी गप्पा झाल्या आणि त्या सहज बोलून गेल्या की आम्ही 65 पर्यंत तयारी ठेवली होती पण एजंट म्हणाला, पार्टीला घाई आहे, आई आजारी असते, 62 ला सुटेल, वर जाऊ नका. आईच्या तब्येतीचं मी त्याला विश्वासाने सांगितलं होतं, सारखं फ्लॅट दाखवायला डोंबिवलीला येणं जमत नाही म्हणून. आणि आम्हाला तो सांगत होता की मार्केट थंड आहे, एवढंच मिळेल, हे गिऱ्हाईक सोडू नका!

घरी येऊन हिशोब मांडला. आमचे 3 लाख गेले. पण 65 ला सौदा झाला असता तर एजंटला आमच्याकडून फक्त 6 हजार जास्त मिळाले असते आणि तिकडून 6 हजार. एवढ्यासाठी अजून महिनाभर कोण घासाघीस करत बसेल? त्याला दोन्हीकडून मिळून जवळपास अडीच लाख लगेच मिळत होते. मग दोघांकडून पैसे घेणारा हा माणूस भाव ठरवताना नक्की कोणाच्या बाजूने बोलत असतो?

एजंटचं काम सोपं आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. सोसायटीचं ना हरकत, शेअर सर्टिफिकेट, घेणाऱ्याच्या बँकेच्या चकरा हे सगळं त्याने केलं, आम्हाला एकट्याला जमलं नसतं, आणि त्याचे पैसे त्याला मिळालेच पाहिजेत. पण मालकाच्या घरची गोष्ट समोरच्या पार्टीला सांगून भाव पाडायचा हे त्या कामात बसत नाही.

कायद्यात हे नाही असंही नाही. 1872 च्या भारतीय करार कायद्यात एजंटची कर्तव्यं दिलेली आहेत, आणि कलम 220 प्रमाणे ज्या कामात एजंटने गैरवर्तन केलं त्या कामाचा मोबदला मागायचा हक्क त्याला राहत नाही. पण आमच्याकडे कागदच नाही तर तो आमचा एजंट होता हे तरी कशावरून सिद्ध करायचं?

महारेरा, म्हणजे रेरा कायद्याखाली बिल्डर आणि एजंटवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, आल्यापासून नवीन प्रोजेक्टमध्ये फ्लॅट विकणाऱ्या एजंटला नोंदणी करावी लागते, 2024 पासून तर ट्रेनिंग घेऊन परीक्षा पास व्हावी लागते, ही खूप चांगली गोष्ट झाली. पण आमच्या बिल्डिंगसारख्या जुन्या बिल्डिंगमधल्या रिसेलला आणि भाड्याच्या घरांना ते लागू होत नाही, आणि सामान्य माणसाचा एजंटशी जास्त संबंध तिथेच येतो. शिवाय कमिशन किती घ्यायचं यावर रेरा कायद्यात मर्यादाच नाही. माझा मुलगा पुण्यात भाड्याने राहतो, सुरुवातीला एक महिन्याचं भाडं ब्रोकरेज दिलं ते ठीक, पण 11 महिन्यांनी त्याच घराचं अग्रीमेंट रिन्यू करायला परत तेवढेच मागितले, तेव्हा कोणतं नवीन घर शोधून दिलं होतं?

नवीन बुकिंगमध्ये एजंट म्हणतो तुमच्याकडून एक रुपया नको. ते खरं असतं कारण त्याला बिल्डर देतो, पण मग कोणत्या साईटवर किती मिळणार आहे हे घेणाऱ्याला कळायला नको का? ज्या बिल्डरकडे जास्त तिथेच तो आधी गाडी वळवणार ना.

माझी सरकारला आणि महारेराला एकच विनंती आहे. रिसेल असो, भाडं असो की नवीन बुकिंग, चावी घ्यायच्या किंवा घर दाखवायच्या आधी एजंटने मराठीत एक पानाचा सहीचा कागद देणं सक्तीचं करा. तो कोणातर्फे काम करतोय, कोणाकडून किती घेणार, कधी घेणार, आणि दोन्हीकडून घेणार असेल तर दोघांचीही संमती, एवढंच त्यात हवं. तोपर्यंत जे वाचक घर विकायला काढतायत त्यांनी हे सगळं निदान व्हॉट्सअ‍ॅपवर तरी लिहून घ्या, आणि तुमची शेवटची किंमत किंवा घरची अडचण एजंटला सांगू नका. मी सांगितली आणि आईच्या म्हातारपणाच्या पैशातले 3 लाख कमी झाले.

एक वाचक, ठाणे