तुझ्या तक्त्यात नसलेला रकाना

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास, त्याला आज चार दिवस झाले. मधे दोनदा मेसेज लिहिला आणि दोन्ही वेळा पुसून टाकला. मेसेजमध्ये मी काहीही लिहिलं तरी ते तुला टोमण्यासारखं वाटतं, हे आता माझ्या लक्षात आलंय. म्हणून कागद घेतला. फोटो काढून बाबा पाठवतील.

आधी चूक कबूल करते. सिंगापूरची नोकरी घ्यावी की स्वीडनमधल्या गॉथेनबर्गची, हे ठरवायला तू इतका खपून एक्सेलचा तक्ता केलास, आम्हाला कळावं म्हणून रकान्यांची नावं मराठीत लिहिलीस, आणि मी पहिल्याच मिनिटाला विचारलं, 'यात माणसं कुठायत?' असं विचारायला नको होतं. तू म्हणालास, 'आई, हा प्रश्न माझ्याबद्दल नाहीच, तुझ्याबद्दल आहे.' लागलं ते मला. पण चार दिवस घोळवल्यावर त्यातलं निम्मं खरं निघालं. उरलेल्या निम्म्यासाठी हे पत्र.

तक्ता मी परत उघडला. पगाराला तू शंभरात आठ गुण दिलेत. स्वतःच्या वेळेला वीस, मोकळेपणाने बोलता येण्याला अठरा. हे पाहून मला काय वाटलं ते फोनवर सांगायचं राहूनच गेलं. तुझ्या वयाचे असताना कुठे राहायचं हे आम्ही कधी ठरवलंच नाही. बाबांची ऑर्डर यायची, पंधरा दिवसांत सामान बांधायचं. आपल्याला कसं जगायचंय हे माणूस आधी मांडतो आणि मग त्याला जुळणारी जागा शोधतो, हे मी आपल्या घरात पहिल्यांदा पाहिलं. मी तो तक्ता मावशीलाही दाखवला. तुला आवडणार नाही, पण दाखवला.

सिंगापूर मला हवं होतं, हे लपवत नाही. दादा आहे तिथे, वहिनी आहे. रात्री दोनला फोन केलास तर अर्ध्या तासात तुझ्या दाराशी येतील. शिवाय महिना बारा हजार सिंगापूर डॉलर पगार असला तर आईवडिलांसाठी जास्त मुदतीच्या पासचा अर्ज करता येतो, हे मीच शोधून काढलं होतं. तुझा पगार त्याच्या वर जातोय म्हटल्यावर मनातल्या मनात माझी बॅग भरूनही झाली होती. मग तू सांगितलंस की तिथे सार्वजनिक जागी एकट्याने फलक धरून उभं राहायलाही पोलिसांचा परवाना लागतो. एका बागेतला स्पीकर्स कॉर्नर तेवढा वेगळा, पण परदेशी माणसाला तिथेही परवाना हवाच. मी म्हटलं, तुला कुठे फलक धरायचाय? तू म्हणालास, 'धरायचा नाहीये. पण धरता येतो हे माहीत असलेल्या जागी राहायचंय.'

तेव्हा मी गप्प बसले, कारण मला तुझी आठवी आठवली. मित्रावर खोटा आळ आला म्हणून तू आपणहून वर्गाबाहेर जाऊन उभा राहिलास, शाळा सुटेपर्यंत. मला बोलावून घेतलं होतं. सगळ्यांसमोर मी तुला रागावले, आणि घरी येताना रस्ताभर मला तुझा हात सोडवेना.

आता गॉथेनबर्गचं. तू मला तो १९७९ चा कायदा वाचून दाखवलास. मुलांना मारण्यावर बंदी घालणारा स्वीडन जगातला पहिला देश, आणि लोकांपर्यंत ते पोचावं म्हणून त्यांनी दुधाच्या खोक्यांवरसुद्धा माहिती छापली होती. तू अगदी सहज वाचलंस. पण बाळ, मला ती पट्टी आठवली. सहावीत प्रगतिपुस्तकावर बाबांची सही तू केलीस तेव्हाची. तुझ्या मनगटावर वळ उठला होता आणि दुसऱ्या दिवशी तू पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून शाळेत गेलास. त्याबद्दल मी तुला कधीच काही म्हटलं नाही. चुकलं माझं. तू तो कायदा मला ऐकवायला म्हणून वाचला नसशील, पण मला तो ऐकायलाच हवा होता. तुझ्या घरात मूल आलं तर ते अशा जागी वाढावं असं तुला वाटतं, यात मला वाईट वाटण्यासारखं काही नाही. थोडं वाटलं, खोटं कशाला बोलू.

या चार दिवसांत मी पुष्कळ वाचलं. तिथे नवराबायकोचा कर १९७१ पासून वेगवेगळा मोजतात. शिकणाऱ्या मुलाला सरकार मदत आणि कर्ज देतं, त्यात आईबापांची मिळकत बघत नाहीत. मूल झालं की ४८० दिवसांची रजा, त्यातले ९० दिवस फक्त बापाचे, ते आईला देता येत नाहीत. वाचता वाचता मला आत्या दिसायला लागली. तिला त्या घरातून निघायचं होतं हे आपल्याला सगळ्यांना माहीत होतं. निघून जाणार कुठे? आयुष्यभर एकदा नवऱ्याच्या तोंडाकडे आणि एकदा भावांच्या तोंडाकडे बघत राहिली. स्वतःच्या नावाचा पैसा आणि कोणाला न विचारता उघडता येईल असं दार, एवढं तिला मिळालं असतं तर ती आज असती असं मला वाटतं. बाबांना हे वाक्य वाचून त्रास होईल. होऊ दे.

म्हणजे माणसाला माणसाच्या उपकारातून सोडवणारा देश तू निवडतोयस, हे मला कळलं. पटलंसुद्धा. पण उपकारातून सुटलेली माणसं एकमेकांच्या दारात जायचीही थांबतात का, एवढंच मला कोणी सांगत नाही.

बघ, आलेच मी पुन्हा तिथे. पत्रात हा विषय नको असं ठरवून बसले होते.

वॉर्डात मी तीस वर्षं काढली, तुला माहीत आहे. केसपेपरवर नातेवाईकाचं नाव आणि फोन असा एक रकाना असतो. एकदा रात्री तिशीतला एक मुलगा आला, दुसरीकडून नोकरीसाठी आलेला, एकटा राहणारा. त्या रकान्यात त्याने ऑफिसचा नंबर लिहिला होता. रात्री तो कोण उचलणार? तो बरा झाला, चालत घरी गेला. औषधांत, देखभालीत काही कमी पडलं नाही. पण भेटीची वेळ झाली की तीन दिवस तो दाराकडे पाठ करून झोपायचा. मी ड्युटी संपल्यावर दहा मिनिटं त्याच्याशी बोलत बसायचे. त्या वर्षी तू दहावीला होतास. त्याची पाठ मला अजून दिसते.

तुझ्या तक्त्यात 'आरोग्यसेवा' हा रकाना आहे, त्याला गुणही चांगले आहेत. तिथे ११७७ नंबरला कधीही फोन केला तर नर्स सल्ला देते, हे वाचून मला बरं वाटलं. रात्रपाळीला बसलेली कोणीतरी माझ्यासारखीच असेल. ती तुला काय करायचं ते सांगेल, आणि बरोबर सांगेल. पण तिला तुझ्या खोलीतला दिवा दिसणार नाही.

खालच्या काकू आठवतात? त्या बदलीच्या गावच्या. तू पाच वर्षांचा, अंगात १०४ ताप, बाबा दौऱ्यावर. मी तुझं डोकं मांडीवर घेऊन पट्ट्या बदलत होते आणि माझेच हात थरथरत होते. इतरांच्या मुलांना मी शांतपणे सुया टोचायचे, त्या रात्री मला थर्मामीटर वाचता येईना. पहाटे तीनला दार वाजलं. 'दिवा दिसला म्हणून आले,' एवढंच म्हणाल्या आणि रिक्षा बघायला गेल्या. तुला त्या काकू नकोशा वाटायच्या, मलाही वाटायच्या. आठवड्यातून एकदा मला 'दुसरं कधी?' विचारायच्या, तुला मार्क विचारायच्या, आपल्याकडे कोण आलं कोण गेलं सगळं त्यांना माहीत. आपलं दार नको तेव्हा ढकलणारा हात तोच, आणि त्या रात्री आलेला हातही तोच. तुझ्या तक्त्यात 'खासगीपणा'ला पंधरा गुण आहेत. त्यात काकू उणे धरल्यात. दोन्ही काकू.

तिथे माणसाची मिळकतसुद्धा कोणीही कर खात्याला विचारून घेऊ शकतं म्हणे, सरकारी कागद लोकांना खुले ठेवण्याची पद्धत १७६६ पासूनची आहे. म्हणजे तुझा पगार शेजाऱ्याला कळेल आणि तुझा ताप कळणार नाही. मला हे गणित सुटत नाही. तुला सुटलं असेल तर सांग.

आणि एक लक्षात ठेव, देशाची मूल्यं म्हणजे दगडावरची रेघ नसते. २०२२ मध्ये तिथलं सरकार बदललं आणि नोव्हेंबर २०२३ पासून बाहेरून येणाऱ्या कामगारांसाठी पगाराची अट एकदम वर गेली. आज जे बघून तू जातोयस ते दहा वर्षांनी तसंच असेल असं धरून चालू नकोस. भाड्याच्या घरासाठी वर्षानुवर्षांची रांग आहे, तेव्हा नाव आधी नोंदव. स्वीडिश पहिल्या महिन्यापासून शिक, सरकारी वर्ग फुकट असतात. ऑफिसात इंग्रजी चालतं म्हणून टाळाटाळ करशील, मी तुला ओळखते. भाषा आली नाही तर तू तिथे दहा वर्षं पाहुणाच राहशील. डिसेंबरात जेमतेम साडेसहा तास उजेड असतो. डी जीवनसत्त्व तपासून घे. आणि रात्री जागत बसू नकोस, आणि

झालं माझं सुरू. माफ कर. तू चौतीस वर्षांचा आहेस, हे मला माहीत आहे. एवढं सगळं तुझ्या त्या दुसऱ्या शीटमध्ये आधीच लिहिलेलं असेल.

मला जे मागायचंय ते लहान आहे. कुठेही गेलास तरी पहिल्या काही दिवसांत कुठल्यातरी फॉर्मवर तुला 'अडीअडचणीला कोणाला कळवायचं' असं विचारतील. तिथे माझं नाव लिहू नकोस. लिहायचंच असेल तर दुसरं नाव म्हणून लिही. पहिलं नाव अशा माणसाचं लिही जो चालत तुझ्यापर्यंत येऊ शकेल. असा माणूस पहिल्या आठवड्यात मिळणार नाही, वर्षभरही मिळणार नाही कदाचित. तोवर रकाना रिकामा ठेव, पण ऑफिसचा नंबर लिहू नकोस. आणि ज्या दिवशी ते नाव लिहिशील, त्या दिवशी मला फक्त नाव कळव. कोण, कुठला, मुलगा की मुलगी, तुझं कोण, काही विचारणार नाही मी. प्रयत्न करीन.

व्हिसावर ९० दिवस राहता येतं असं वाचलं. मी हिवाळ्यात येईन. उन्हाळ्यात सगळेच येतात. डिसेंबरात तिथे घरोघरी खिडकीत दिवे ठेवतात म्हणे. तुझ्या खिडकीतही ठेव. रस्त्यावरून दिसतात का ते मला बघायचंय.

महिनाअखेरीपर्यंत उत्तर द्यायचंय ना त्यांना? माझ्यासाठी थांबू नकोस.

तुझी,
आई

ता. क. बाबांनी तुझ्या तक्त्याची प्रत काढून त्यात स्वतःचे गुण भरलेत. रात्री दीड वाजेपर्यंत बसले होते. त्यांचंही गॉथेनबर्गच आलं. तुला सांगू नको म्हणालेत.