साहेब, फोटो मागू नका : शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. मागच्या वर्षी विवाहित महिलांच्या एका सौंदर्यस्पर्धेत माझा पहिला नंबर आला. तेव्हापासून पंचक्रोशीत माझं नाव 'मुकुटवाल्या बाई' पडलंय. एका सरपंचांनी तर माइकवरून माझी ओळख 'विश्वसुंदरी' अशी करून दिली. आमचे यजमान अजून हसतात.

स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत विचारलं होतं, जिंकलात तर काय कराल? म्हटलं, शाळाशाळांत मूल्यशिक्षणाचं काम करीन. मनापासून म्हटलं होतं. आता किरकोळ रजा टाकून आसपासच्या शाळांत जाते. सगळीकडे 'संस्कार' या विषयावर भाषणच हवं असतं. शाल, श्रीफळ, भाषण, फोटो. भाषण संपलं की मुली मुकुटाला हात लावायला धावतात. मी काय बोलले ते एकीलाही आठवत नाही. त्यांचं काय चुकलं? मलाही शाळेत ऐकलेलं एकही भाषण आठवत नाही.

आता एक कबुली देते. एकदा वरून निरोप आला, श्रमप्रतिष्ठेचा उपक्रम घ्या, चारच्या आत फोटो लिंकवर टाका. तेव्हा साडेतीन वाजले होते, एका वर्गाची भागाकाराची गणितं अर्धवट होती. मी पोरांच्या हातात खराटे दिले, ओळीत उभं केलं, 'खाली वाका' म्हटलं, फोटो काढला, खराटे परत ठेवले. तिसरीतली एक पोरगी जागची हलेना. म्हणाली, "बाई, झाडलं कुठं आपुन? नुसता फोटूच काढला की." दहा मूल्यांची नावं परिपाठात रोज म्हणून घेणाऱ्या बाईला यावर उत्तर सुचलं नाही. फोटो मात्र वेळेत गेला.

आमचा जिल्हा यात नवखा नाही. २००९ साली शांतिलाल मुथ्था फाउंडेशनचा 'मूल्यवर्धन' कार्यक्रम बीडच्याच ५०० जिल्हा परिषद शाळांत सुरू झाला आणि पुढे शासनाने तो राज्यभर नेला. त्यात उपदेश नव्हता. पोरांनी जोडीजोडीनं, गटागटानं बोलायचं, भांडण झालं तर आपसांत सोडवायचं. त्याला बाईंचा वेळ लागतो, आणि वेळच तर लिंका भरण्यात जातो. शिक्षकांना अशैक्षणिक कामांना जुंपू नये, हे शिक्षणहक्क कायद्याचं कलम २७ मी तुम्हाला सांगावं असं नाही. आणखी एक. २०१० च्या सुमारास मराठवाड्यातल्याच नांदेडमध्ये श्रीकर परदेशी जिल्हाधिकारी असताना कॉपीमुक्तीची मोठी मोहीम झाली. त्यांचं कौतुक आहेच. पण दहावीच्या केंद्रावर पहारा बसवायची वेळ येते, तेव्हा पहिली ते चौथी आम्ही काय करत होतो, हे कुणी विचारत नाही.

म्हणून मागणं एकच. मूल्यशिक्षणाच्या तासाचा फोटो, लिंक, अहवाल मागणं बंद करा. तपासायचं असेल तर माणूस पाठवा. त्यानं न सांगता यावं, पोरांच्यात सतरंजीवर तासभर बसावं आणि जावं. सत्काराचं सामान ठेवणार नाही, चहा मात्र देऊ.

तो आला तर त्याला खिडकीतला पत्र्याचा डबा दाखवीन. आमचं बिनदुकानदाराचं दुकान. पेन्सिल ५ रुपये, खोडरबर २ रुपये. वस्तू घ्यायची, पैसे डब्यात टाकायचे, बघायला कुणी नाही. पहिल्या महिन्यात ३१ रुपये कमी भरले. मी रागावले नाही, नुसता हिशेब फळ्यावर मांडला. पोरांचं दोन दिवस तेवढंच चाललं होतं. काही पैसे गुपचूप आले, काही आलेच नाहीत. चौथीतला एक जण मात्र उठून म्हणाला, एक पेन्सिल, एक खोडरबर मी नेलं, आत्ता पैसे नाहीत.

दसऱ्यानंतर त्याच्या आईबापांनी ऊसतोडीसाठी आगाऊ घेतलेली उचल फेडायला कोयता धरला. आजी थकलेली, हंगामी वसतिगृहात राहायला तो तयार होईना, म्हणून तोही ट्रॅक्टरवर बसून कर्नाटकाच्या बाजूला गेला. जायच्या आदल्या दिवशी त्यानं डब्याच्या झाकणावर खडूनं लिहिलं, '७ रु. बाकी'. झाकण पुसायची वेळ आली की पोरं तेवढी जागा सोडून पुसतात. पट्टा पडला, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपला, की येतो म्हणालाय.

आपली,
एक शिक्षिका, बीड जिल्हा