पदभार देताना पासवर्डही द्या

मा. संपादक,
स. न.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत झालेला खो-खोचा पहिला विश्वचषक भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे. तेव्हापासून आमच्या खो-खो मंडळाच्या मैदानावर लहान मुलांची रीघ लागली आहे. त्यांची नावं आता गुगल फॉर्मवर येतात, फी क्यूआर कोडवर, सरावाची वेळ व्हॉट्सॲपवर. स्पर्धेची नोंदणीही ऑनलाइन. प्रवेशिका द्यायला एसटीने जिल्ह्याच्या गावी जाण्यात माझा अख्खा दिवस मोडायचा, तो त्रास संपला याचा मला मनापासून आनंद आहे.

पण गेल्या वर्षी कुमार गटाच्या नोंदणीची शेवटची संध्याकाळ मी विसरू शकत नाही. दाखले तयार, फोटो तयार, आणि ओटीपी जात होता आमच्या आधीच्या चिटणीसांच्या मोबाइलवर. ते मुलाकडे गेलेले, फोन बंद. पोरं मैदानाच्या कट्ट्यावर बसून होती, घरी जायला तयार नव्हती. रात्री साडेअकराला पुतण्यामार्फत त्यांचा पत्ता लागला, तेव्हा कुठे अर्ज गेला. मंडळासाठी आयुष्यभर राबलेला माणूस, त्यांना बोल कसा लावायचा? पदभार घेताना आम्ही शिक्का, इतिवृत्ताची वही, कपाटाची किल्ली मोजून घेतली. पासवर्ड कोणी मागितलाच नाही.

हे आमच्याच मंडळात झालं असं नाही. ओळखीच्या कितीतरी मंडळांत क्यूआर कोड खजिनदारांच्या स्वतःच्या खात्याचा असतो. मग हिशेब तपासणीला मुलांची फी आणि खजिनदारांच्या घरचा किराणा एकाच पासबुकात निघतो. खजिनदार प्रामाणिक असूनही मान खाली घालायची वेळ येते. त्याहून काळजीची गोष्ट म्हणजे मुलांच्या आधार कार्डांचे फोटो सर्रास ग्रुपवर टाकले जातात आणि कोणाकोणाच्या मोबाइलमध्ये वर्षानुवर्षं पडून राहतात. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. ती आमच्यापैकी किती जणांना माहीत आहे?

कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो, आणि तो आपण देतो. मग पदभार देण्याच्या बैठकीतच ईमेल, संकेतस्थळ आणि नोंदणीची खाती कोणाकडून कोणाकडे गेली, हे इतिवृत्तात लिहून दोघांच्या सह्या का घेऊ नयेत? आम्ही आता मंडळाच्या नावाचा ईमेल उघडला आहे, ओटीपीसाठी वेगळं सिमकार्ड घेतलं आहे. पासवर्ड चिटणीस आणि अध्यक्ष दोघांकडे असतात, बंद पाकिटात कपाटातही. क्यूआर कोड मंडळाच्या बँक खात्याचा आहे. स्पर्धा संपली की आधारचे फोटो काढून टाकतो.

जिल्हा संघटनांनी यंदाच्या संलग्नता अर्जातच मंडळाचा स्वतंत्र ईमेल आणि दोन जबाबदार व्यक्तींचे क्रमांक सक्तीचे करावेत, ही कळकळीची विनंती.

– एका ग्रामीण खो-खो मंडळाचा चिटणीस