जानेवारीत नको, एप्रिलमध्ये या

आम्स्टेलफेन, नेदरलँड्स, ९ नोव्हेंबर

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला गेले की आई गप्प होते आणि बाबा "बघू, बघू" म्हणतात, म्हणून लिहून पाठवतेय. बाबा, चष्मा लावा आणि मोठ्याने वाचा. आई, मधेच गॅस बघायला उठू नकोस, आधी बंद करून ये.

तुमची जानेवारीची तिकिटं मी काढलेली नाहीत. एप्रिलची काढली आहेत, ३ तारखेची, मुंबईहून थेट. खिडकीची एक आणि तिच्या शेजारची एक.

आता रागवायच्या आधी हिशेब ऐका. तुमच्या व्हिसावर १८० दिवसांत ९०च दिवस राहता येतं. तुम्ही जानेवारीच्या सुरुवातीला आलात तर एप्रिलच्या सुरुवातीला परत जावं लागेल, आणि पुढचे तीन महिने पुन्हा येता येणार नाही. माझी बाळंतपणाची रजा १६ आठवड्यांची. बाळाची तारीख १४ जानेवारी धरली आहे, रजा १७ डिसेंबरला सुरू होते आणि ८ एप्रिलला संपते. म्हणजे मी कामावर परत जाणार नेमकं त्याच आठवड्यात तुम्ही विमानात बसलेले असाल. इथे तीन महिन्यांची बाळं सर्रास पाळणाघरात जातात. मला ते जीवावर येतं. तुम्ही एप्रिलमध्ये आलात तर पिल्लू जूनअखेरपर्यंत आजीच्या मांडीवर. मला बाळंतिणीची खोली सांभाळणारं माणूस मिळतंय, आजी-आजोबा कुठून भाड्याने आणू?

शिवाय जानेवारीत इथे जेमतेम आठ तास उजेड असतो, फुटपाथवर बर्फाचा पापुद्रा धरतो, आणि आमचा जिना तुम्ही व्हिडिओवर पाहिलाच आहे. शिडीच ती. आई, ताईच्या वेळी तू सव्वा महिना उभी होतीस. त्यानंतर गुडघ्यांचं काय झालं ते तू कधी बोलली नाहीस, पण मला दिसत होतं.

माणूस म्हणजे कोण, ते सांगते. इथे बाळंतपणानंतर क्रामझोर्ख, म्हणजे बाळंतिणीची सेवा, मिळते; त्यासाठी शिकलेली बाई रोज घरी येते. आठ-दहा दिवसांत मिळून २४ ते ८० तास, गरजेप्रमाणे. सरासरी ४९ धरतात, म्हणजे दिवसाला सहाएक तास. ती माझा ताप बघते, गर्भाशय खाली उतरतंय का ते पोट दाबून बघते, टाके बघते. बाळाचं वजन करते, अंघोळ शिकवते, अंगावर पाजताना बाळाने तोंड नीट उघडलंय का ते शेजारी बसून दाखवते. वर कपडे धुते, संडास घासते आणि भेटायला आलेल्यांना चहा देऊन वेळेवर घालवूनही देते. हे शेवटचं काम आपल्याकडे कुणाला जमलेलं नाही. पहिला आठवडा तुमच्या जावयांना पूर्ण पगारी रजा आहे, आणि पुढे पाच आठवडे ७० टक्के पगारावर.

आता दुसरी गोष्ट, हळूच सांगते. सगळं नीट राहिलं तर बाळंतपण घरीच करायचं ठरवलं आहे.

आई, श्वास घे. इथे सुईण होण्यासाठी चार वर्षांची पदवी लागते. तिच्या बॅगेत बाळाचे ठोके ऐकायचं यंत्र असतं, ऑक्सिजन असतो, रक्तस्राव थांबवायचं इंजेक्शन असतं, टाक्यांचं सामान असतं. आणि ती हट्टाने घरी थांबवत नाही. ३७ आठवड्यांच्या आत किंवा ४२च्या पुढे गेलं, बाळाचं डोकं खाली नसलं, पाणी फुटून २४ तास झाले तरी कळा नीट धरल्या नाहीत, पाण्यात बाळाची शी दिसली, ठोके बिघडले, ताप आला, किंवा मलाच वेदना सोसेनात, की सरळ हॉस्पिटल. आमच्याकडून गाडीने दहा मिनिटं. पहिलटकरणींपैकी बऱ्याच जणींना असं मधेच हलवतात, त्यामुळे तसा फोन आला तर "बघ, म्हणत नव्हते" म्हणून रडत बसू नकोस. तो ठरलेल्या वाटेचाच भाग आहे. बाबांची साखर लक्षात घेऊन माझी ग्लुकोज पिऊन करायची तपासणीही झाली आहे, नॉर्मल आली. पलंग खालच्या खोलीत आणला आहे, म्हणजे वेळ पडली तर स्ट्रेचर त्या शिडीवरून उतरवायला नको. त्याच्या पायांखाली ठोकळे लावून तो ८० सेंटिमीटर उंच केला आहे. म्हणजे येणाऱ्या बाईची पाठ धरत नाही.

बाबा परवा म्हणाले, "हे नैसर्गिक वगैरे परदेशी खूळ आहे." बाबा, इथली दुकानं जे नैसर्गिक म्हणून दुप्पट किमतीला विकतात, ते सगळं आपल्या घरात फुकट होतं. अंगावर पाजणं, कुशीत घेणं, तेल, कापडी लंगोट. मी ते उचललंय ते तुमच्याच घरातून. फक्त नैसर्गिक म्हणजे सगळं चांगलं असं नाही, एवढंच माझं म्हणणं. लशी सगळ्या वेळेवर देणार. ड जीवनसत्त्वाचे थेंब रोज १० मायक्रोग्रॅम देणार, कारण इथल्या उन्हात दम नाही.

लंगोटांचं काम मात्र आई, तुझ्याकडे. ट्रंकेतली आजीची सुती नऊवारी काढ. रेशमी नको, ती सुतीइतकी शोषत नाहीत. प्रत्येक लुगडं उजेडासमोर धर, जिथे विरलेलं दिसेल तो भाग सोडून दे. ५५ सेंटिमीटरचे चौकोन काप. एका नऊवारीत २८ चौकोन बसतात, दुहेरी शिवले की १४ लंगोट. मला ३६ हवेत, म्हणजे विरलेलं वगळून तीन लुगडी पुरतील. ३६ का, तर तान्ह्याला दिवसाला १०-१२ लागतात, आणि हिवाळ्यात घरात वाळायला एक अख्खा दिवस जातो. एक दिवसाचे अंगावर, एक दिवसाचे धुण्यात, एक दिवसाचे दोरीवर. शिवण बाहेरच्या बाजूला ठेव, आत टोचते. सुती दोराच वापर.

त्यावर मी प्लास्टिक नाही, लोकरीची चड्डी घालणार. लोकर स्वतःच्या वजनाच्या तीसेक टक्के ओलावा धरते तरी हाताला कोरडी लागते, आणि कातडी घुसमटत नाही. धुण्याची पद्धत तुला आत्ताच सांगून ठेवते, कारण एप्रिलमध्ये तू मशीन ताब्यात घेशीलच. आधी गार पाण्यात खंगाळायचं. गरम पाणी आधी घातलं तर डाग पक्के बसतात. मग ६० अंशांवर, पावडर पूर्ण मापाने. पावडर वाचवली की आठवड्याभरात अमोनियाचा वास येतो आणि बाळाचं बूड लाल होतं. आणि कपडे मऊ करायचं ते निळं पाणी अजिबात नको. ते धाग्यावर थर धरतं, मग लंगोट शोषतच नाही, मांडीवरून ओघळ येतो. लंगोटात दोष नसतो, त्या पाण्यात असतो.

पार्सलवर "जुने सुती कपडे, भेट" असं लिही. ४५ युरोच्या आतली भेट असेल तर इथे कर लागत नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पोस्टात टाक.

गोधडीही पाठव, पण ती जमिनीवर अंथरायला. पहिलं वर्षभर बाळाच्या पाळण्यात पांघरूण, उशी, लोड काही नको. पाठीवर झोपवायचं, अंगात झोपायची पिशवी, पाळणा आमच्या पलंगाला लागून. तुझी मोहरीची उशी मला माहीत आहे. माझं डोकं गोल आहे ते तुझ्यामुळेच, कबूल. पण झोपेत नाक उशीत गेलं तर एवढ्याशा जीवाला मान फिरवता येत नाही. डोकं गोल राहावं म्हणून जागेपणी दिवसातून तीन-चारदा दोन-दोन मिनिटं गोधडीवर पालथं घालू.

आता ज्यावर तू रुसणार ते. बाळगुटी नको. जायफळ दोन वेढे की पाच, सहाणेचा दगड कसा, तुझा हात कसा, यावर मात्रा ठरते, आणि जायफळ-वेखंडाची मात्रा तान्ह्याला चुकून चालत नाही. सहा महिने नुसतं अंगावरचं दूध. पाणीसुद्धा नाही. मध वर्षाच्या आत एक थेंबही नको, त्यात बोट्युलिझमचे जंतू असू शकतात आणि तान्ह्या आतड्यांना ते थोपवता येत नाहीत. काजळात शिसं असतं बऱ्याचदा, म्हणून तीट हवी तर तळपायाला लावू, डोळ्यांत नको. धुरी नको, शेगडीही नको. इथे घरं थंडीने हवाबंद असतात, कोळशाचा वायू साठला तर कळतसुद्धा नाही. शेकायला रबरी पिशवी आहे. नाळेला काही लावायचं नाही. ती कोरडी ठेवली की आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप पडते. तुमच्या वेळी जे माहीत होतं ते तुम्ही जीव लावून केलंत. मी धडधाकट आहे की.

तेल मात्र तुझ्याच हातचं. खोबऱ्याचं, चमचाभर, कोमट. नाकात-कानात नाही आणि उलटं धरून झुलवायचं नाही. तू आडवे पाय पसरून, नडगीवर मला पालथं घालून पाणी घालायचीस ना, तेवढी एक अंघोळ मला एप्रिलमध्ये बघायची आहे. गुडघे परवानगी देतील तर. नाहीतर स्टूलवर टब ठेवू.

डिंकाच्या लाडवांचं सामान सुटं आण: डिंक, खारीक, सुंठ, आळीव, बाळंतशेपा. तूप आणू नकोस, दूधदुभत्याच्या वस्तू सामानातून आणायला इथे बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. बाबा, हापूसची पेटीही नाही. फळांना सरकारी प्रमाणपत्र लागतं. कढीपत्ता तर मुळीच नको. तूप मी इथल्या बिनमिठाच्या लोण्याचं कढवते. अर्धा किलो लोण्याचं साधारण ४०० ग्रॅम होतं. मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं, बेरी बदामी झाली की बंद. आणि गंमत ऐक, इथे बाळ झालं की टोस्टवर लोणी लावून त्यावर साखरेत घोळलेली बडीशेपेसारखी बी पेरून सगळ्यांना देतात. तिला माउश्येस म्हणतात, म्हणजे उंदरं! बाळंतिणीला दूध यावं म्हणूनच ही चाल पडली म्हणे. म्हणजे बाळंतशेपाच की.

नावाचं एक. जन्मानंतर तीन दिवसांत नगरपालिकेत नाव नोंदवावंच लागतं, बारशापर्यंत थांबत नाहीत. बाबा, वेळ कळवली की राशीचं अक्षर त्याच दिवशी सांगा. कानात कुर्रर्र मात्र एप्रिलमध्ये, तुम्ही आल्यावरच. पाळण्याच्या दोऱ्या आईनेच धरायच्या.

तुमची सोय: खालची खोली तुमची, संडास त्याच मजल्यावर, कमोडशेजारी पकडायला दांडा बसवला आहे. हीटर २१वर ठेवू, तुम्हाला लागेल तितका. चहाची पावडर आपलीच. बाबांना सकाळचा पेपर मोबाइलवर.

आता निमूट ऐका. जानेवारी संपेपर्यंत व्हिसाचे कागद द्या. प्रवासाचा विमा किमान ३०,००० युरोचा लागतो, पण त्यात जुने आजार सहसा धरत नाहीत, म्हणून बाबा, तीन महिन्यांची औषधं मूळ पाकिटांत आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव हवं, कंपनीचं नको. इन्शुलिन हातातल्या बॅगेतच. मोठ्या बॅगेत विमानाच्या पोटात ते गोठू शकतं, आणि गोठलेलं इन्शुलिन वितळलं तरी कामाचं राहत नाही. फ्लूची आणि डांग्या खोकल्याची लस दोघांनी मार्चच्या मध्यापर्यंत घ्या. मी घेतली आहे. व्हीलचेअर मी तिकिटावरच मागून ठेवली आहे. आई, "मी काय म्हातारी झाले का" म्हणायचं नाही, मुंबईला ती लांबच लांब रांग तुला उभ्याने झेपणार नाही. विमानात तासाला एकदा उठून चाला. गुडघ्याचे व्यायाम सकाळ-संध्याकाळ, दहा-दहा वेळा, मी फोनवर मोजणार आहे. हिवाळ्यात तुमचे संध्याकाळचे सहा म्हणजे माझे दीड वाजतात. बाळ झोपलेलं असो-नसो, फोन रोज करीन.

ज्या दिवशी कळा सुरू होतील त्या दिवशी मी नाही, तुमचे जावई फोन करतील. ताईला सांगून ठेवलंय, ती तुमच्याकडे राहायला येईल. त्या रात्री आई, देवापाशी बसायचं ते बस, पण पाटावर नको, खुर्चीवर बस.

तुमची,
चिमी

ता. क. बाबा, पायाची नखं ब्लेडने कापू नका. नेलकटर टीव्हीखालच्या खणात डाव्या बाजूला आहे.