मुठीपासून दामापर्यंत नेणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
साष्टांग नमस्कार.

पुण्यातल्या नाणी-प्रदर्शनात तुमच्या टेबलाशी थांबलो, तेव्हा माझा प्रश्न साधा होता. दुबईत माझा पगार दिरहममध्ये होतो. हा शब्द ग्रीक द्राख्मेवरून आला म्हणतात. मग आपला ‘दाम’ही तिथलाच का? नुसतं ‘हो’ म्हणून तुम्हाला मोकळं होता आलं असतं. तुम्ही मला शेजारी बसवून घेतलंत आणि अख्खी दुपार दिलीत. तिथे तोंडी आभार मानले, पण तेवढ्याने माझं समाधान झालं नाही. शिवाय तुम्ही सांगितलेलं आणखी चार जणांपर्यंत पोचावं असं वाटतं, म्हणून हे उघड पत्र.

तुम्ही सुरुवात नाण्यापासून केलीच नाहीत, मुठीपासून केलीत. ग्रीकमध्ये ‘द्रास्सोमाइ’ म्हणजे मुठीत धरणं. त्यावरून द्राख्मे, म्हणजे मूठभर. मूठभर काय, तर लोखंडी सळया! मांस भाजायच्या सळईला ‘ओबेलोस’ म्हणत, आणि पूर्वी देण्याघेण्यातही त्या चालत. त्या सळईवरूनच ‘ओबोल’ हे नाव आलं. एका मुठीत मावतात सहा, म्हणून सहा ओबोलांची एक द्राख्मे, असं प्लुटार्कने लिहून ठेवलंय. आर्गोसजवळच्या हेरा देवीच्या मंदिरात अशा सळयांची जुडी सापडली; ती अथेन्सच्या नाणेसंग्रहालयात आहे. पुढे चांदीची नाणी आली, अथेन्सची द्राख्मे साधारण ४.३ ग्रॅमची झाली, तरी तिचे ओबोल सहाच राहिले.

पण मला सर्वांत मोलाचा वाटला तो तुमचा काटेकोरपणा. मिनँडर, म्हणजे आपला मिलिंद, आणि अपोलोडोटस या हिंद-ग्रीक राजांच्या जुन्या द्राख्मे भरूचच्या बाजारात चालत, अशी नोंद पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या वृत्तांतात आहे. क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर तर ग्रीक अक्षरंही आहेत. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये अशी तेरा हजारांहून अधिक नाणी सापडली, आणि त्यातल्या नऊ हजारांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला होता. एवढं सगळं जुळत असताना द्राख्मे हा शब्दही त्याच वेळी इथे रुळला असं सांगणं किती सोपं होतं! तुम्ही मात्र नहपानाच्याच काळातल्या नाशिकच्या लेण्यांतल्या लेखाकडे बोट दाखवलंत. तिथे चांदीच्या नाण्याला ‘काहापण’ म्हटलंय. नाण्याचा घाट एका वाटेने येतो, नाव दुसऱ्या वाटेने येऊ शकतं. द्राख्मेचं इथलं रूप ‘द्रम्म’ लेखांमधून ठळकपणे दिसू लागतं ते कित्येक शतकांनंतर, कोकणच्या शिलाहार राजांच्या लेखांतही.

आणि मग तुम्ही ‘लीलावती’ या गणितग्रंथातलं कोष्टक पाठ म्हणून दाखवलंत. वीस कवड्यांची काकिणी, चार काकिणींचा एक ‘पण’, ‘ते षोडश द्रम्म’ म्हणजे सोळा पणांचा एक द्रम्म, आणि सोळा द्रम्मांचा निष्क. सह्याद्रीच्या आश्रयाला राहणाऱ्या भास्कराचार्यांनी ११५० मध्ये हे लिहिलं, तेव्हा तो शब्द परका राहिलेलाच नव्हता. द्रम्माचा प्राकृतात दम्म झाला, पुढे दाम. अकबराच्या काळी चाळीस तांब्याच्या दामांचा एक रुपया होई. आपली दमडीही त्याच घरातली. इराणातून अरबांकडे गेलेल्या फांदीचा दिरहम झाला. खुद्द ग्रीसमध्ये २००२ साली युरो आला आणि द्राख्मे व्यवहारातून गेली.

महिन्याच्या महिन्याला घरी पैसे पाठवताना हे सगळं आता माझ्यासोबत असतं. हा ठेवा तुम्ही दिलात.

माझी मुलगी इथे सातवीत आहे. तिला ते कोष्टक दिलं, तर तिने एका निष्काच्या कवड्या काढल्या : २०,४८०. दिवाळीच्या सुट्टीत तिला घेऊन तुमच्याकडे येतोय. शिलाहारांच्या लेखांबद्दल तिचे बरेच प्रश्न आहेत.

तुमचा ऋणी,
एक विद्यार्थी