शाल-श्रीफळ दिले, पण पहिल्या तासाचे काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सोलापूरच्या महाविद्यालयातले कोणी परदेशी विद्यापीठात सत्रभर शिकवायला निघाले की सत्कार होतो आणि भाषणांत डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे नाव निघते. ते निघावेच. पण १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेलेल्या या सोलापूरकराने तिथली भाषा शिकून घेतली होती, हे सहसा कोणी सांगत नाही. पाहुण्या प्राध्यापकाचा विषय पक्का असतो. पहिला तास फसतो तो घड्याळ, फळा आणि आकड्यांपायी.

जर्मनीचेच घ्या. वेळापत्रकात १० वाजता असे लिहून पुढे ‘सी. टी.’ अशी अक्षरे असतील, तर तास सव्वादहाला सुरू होतो. ‘एस. टी.’ असेल तर बरोबर दहाला. हे ठाऊक नसलेला माणूस दहाला रिकाम्या वर्गात उभा राहून घामाघूम होतो. तास बहुधा ९० मिनिटांचा. आपल्या पाऊण तासाची टिपणे तेवढी ताणली की शेवटची वीस मिनिटे उजळणीत जातात. त्यापेक्षा पंचवीस-पंचवीस मिनिटांचे तीन तुकडे करावेत आणि मधल्या वेळात वर्गाकडून एकेक उदाहरण सोडवून घ्यावे. प्रश्न विचारून लगेच स्वतःच उत्तर देण्याची आपली सवय तिथे नडते. मनातल्या मनात दहा आकडे मोजावेत, कोणीतरी बोलतेच. तास संपल्यावर बाके ठोकली गेली तर दचकू नये, ती दाद असते.

मोठ्या व्याख्यानगृहांत वर-खाली सरकणारे फळे असतात. डस्टर शोधू नका. ओल्या स्पंजाने पुसायचे आणि रबरी पट्टीने पाणी ओढून काढायचे. फळा ओला असताना लिहिले तर खडू घसरतो, अक्षर दिसत नाही, आणि वाळल्यावर तेच पुसता पुसत नाही. म्हणून एक फळा वाळेपर्यंत दुसऱ्यावर लिहावे. खोली आदल्या दिवशीच बघून यावी.

आकड्यांचा घोळ सर्वांत महागात पडतो. इंग्रजी एक आपण नुसत्या उभ्या रेघेने लिहितो. जर्मन एकाला डावीकडे लांब तिरकी रेघ असते, तो आपल्याला सातासारखा वाटतो. म्हणून तिथले लोक साताच्या पोटात आडवी रेघ मारतात. दशांशाला टिंब नाही, स्वल्पविराम. ३,५ म्हणजे साडेतीन आणि १.००० म्हणजे एक हजार. लाख-कोटी तर कोणालाच कळत नाहीत. गुणांची श्रेणी उलटी: १,० सर्वोत्तम, ४,० काठावर पास. खूश होऊन कोणाला ५ दिलेत तर तो नापास!

ऑक्टोबरच्या मध्याला हिवाळी सत्राचे तास सुरू होतात आणि त्याच महिन्याच्या शेवटच्या रविवारी घड्याळे तासभर मागे जातात. भारताशी असलेला साडेतीन तासांचा फरक साडेचार होतो. इथल्या विद्यार्थ्यांची ऑनलाइन तोंडी परीक्षा ठरवली असेल तर ती नेमकी इथेच चुकते.

लॅपटॉपचा आपला तीन पिनांचा प्लग तिथल्या भिंतीत बसत नाही, अडॅप्टर इथूनच न्यावा. आपल्या संस्थेत ‘एड्युरोम’ची (जगभरच्या विद्यापीठांत आपल्याच संस्थेच्या खात्यावर चालणाऱ्या वाय-फायची) सोय असेल तर ती निघण्यापूर्वी फोनवर चालू करून घ्यावी. तिथे पोहोचल्यावर ती जुळवायलाच आधी इंटरनेट लागते. स्लाइड पीडीएफमध्येही ठेवाव्यात, नाहीतर देवनागरीच्या जागी चौकोन दिसतात.

अमेरिकेत व्होल्टेज १२०. लॅपटॉपचा चार्जर चालतो, इथली इस्त्री नीट तापत नाही. पहिल्या दिवशी वाटलेला अभ्यासक्रमाचा कागद म्हणजे विद्यार्थ्यांच्या लेखी करारच. गुणांची विभागणी मध्येच बदलली की तक्रार होते. नावांसह गुणांची यादी दारावर लावणे तर विद्यार्थ्यांच्या नोंदी गुप्त ठेवण्याच्या तिथल्या १९७४ च्या कायद्याने चालत नाही.

आणि एक खास सोलापुरी सूचना. ओळख म्हणून शेंगाचटणी किंवा शेंगापोळी वर्गात वाटू नये. शेंगदाण्याची ॲलर्जी काहींच्या जिवावर बेतते, आधी विचारावे.

आमची मागणी मोठी नाही. निरोप समारंभाच्या आठवडाभर आधी महाविद्यालयाने पूर्ण ९० मिनिटांची एक रंगीत तालीम ठेवावी. समोर दुसऱ्या विषयाचे शिक्षक बसवावेत, म्हणजे न कळलेला उच्चार आणि वेग ते तिथल्या तिथे थांबवतील. परतलेल्या प्रत्येकाकडून दोन पानी टिपण घेऊन ग्रंथालयात ठेवावे. त्यात प्रवासवर्णन नको. खोली, फळा, प्लग, गुणपद्धती एवढेच हवे.

— काही निवृत्त प्राध्यापक, सोलापूर